काळें सिलिकॉन

सूर्यनारायण आपलें तेज सर्वांस सारखेंच देतो. परंतु तें ग्रहण करण्याची पात्रता घेणाऱ्याच्या अंगीं असावी लागते. इ. स. १९५४ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनीं सिलिकॉनचा पहिला व्यवहारोपयोगी सौरघट तयार केला, तेव्हां त्यावर पडणाऱ्या सौरशक्तीपैकीं शेंकडा सुमारें ६ भागांचीच वीज होई.

गुळगुळीत सिलिकॉन आरशासारखें चमकतें व सुमारें एकतृतीयांश प्रकाश परत फेंकतें. नेहमींच्या घटांत यावर सूक्ष्म पोत व पातळ लेप यांची योजना असते. त्याहून पुढची युक्ति निसर्गानें पतंगाच्या डोळ्यांत योजिली आहे. त्या डोळ्यांवर प्रकाशलहरींहूनही लहान असे असंख्य उंचवटे असतात. त्यामुळें प्रकाश मागें न फिरतां आंत शिरतो. सिलिकॉनवर असेच कांहीं शें नॅनोमीटर मापाचे कांटे उठविले कीं तें कोळशासारखें काळें दिसूं लागतें. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालक्षांश भाग.

परंतु प्रकाश आंत आला म्हणजे वीज हातीं आली, असें नव्हे. कांट्यांमुळें पृष्ठभाग अनेक पटींनीं वाढतो, आणि प्रकाशानें मोकळे झालेले विद्युत्कण बाहेरच्या तारेपर्यंत पोंचण्यापूर्वींच तेथें लय पावतात. मिळकतीबरोबर गळतीही वाढली, तर घरांत शिल्लक कोठून पडणार? काळा घट पुष्कळ दिवस मागें राहिला तो याच कारणानें.

ही गळती थांबविण्यांत २०१५ सालीं मोठें यश आलें. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाच्या हेले सावीन व त्यांचे बार्सेलोना येथील सहकारी यांनीं कांट्यांवर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा अतिपातळ थर चढविला आणि विजेच्या सर्व जोडण्या घटाच्या पाठीकडे नेल्या. त्या घटाची कार्यक्षमता शेंकडा २२.१ भरली. शिवाय काळा घट तिरपे किरणही चांगले टिपतो. म्हणून सूर्य क्षितिजालगत राहणाऱ्या उत्तरेकडील देशांस त्याचा लाभ विशेष.

आपल्याकडेही आतां घरोघर गच्चीवर सौरफलक बसूं लागले आहेत. ते घेतांना फलकाच्या काळ्या रंगावर भुलूं नये, असें आम्ही वाचकांस सुचवूं इच्छितों. तो रंग पुष्कळदां घटाचा नसून मागील पत्र्याचा व चौकटीचा असतो. कार्यक्षमता किती, आणि पंचवीस वर्षांनीं तींतील किती टिकेल, हे दोन प्रश्न गृहस्थानें व गृहिणीनें मिळून आधीं विचारावे. शोभेचा विचार मागाहून करावा.