संपात नसलेला माणूस

संप म्हटला की आपल्यासमोर दोनच पक्ष येतात. एक कामगारांचा, दुसरा मालकांचा. पण जवळजवळ प्रत्येक संपात एक तिसरा माणूसही असतो. तो कुठल्या युनियनचा सभासद नसतो आणि मालकाशीही त्याचे साटेलोटे नसते. संप चालू असताना तो डबा घेऊन कामावर जातो. १९८२ च्या गिरणी संपात मी असा माणूस होतो. परळच्या एका गिरणीत टाइम ऑफिसात मी कारकून होतो. त्या अनुभवावरून या तिसऱ्या माणसाविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते.

हा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे साठ गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करून हवे होते. पण त्याहून मोठी मागणी १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची होती. या कायद्याखाली उद्योगातले पंचवीस टक्के कामगार सभासद असलेली युनियन प्रातिनिधिक ठरू शके आणि मग वाटाघाटींचा हक्क तिचाच. गिरण्यांत ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती, आणि कामगार मात्र डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले होते. त्यामुळे सभासद कोण आणि बिगरसभासद कोण, हेच उलटेपालटे झाले. मान्यताप्राप्त युनियनची पावती खिशात असलेला माणूस संपावर होता, आणि कायद्याच्या लेखी त्याचा संप बेकायदा होता.

आता तुम्ही म्हणाल, गिरणी बंद, मग कारकुनाला काम काय? भोंगा वाजला नाही तरी गिरणी पूर्ण झोपत नाही. यंत्रांना गंज चढू नये म्हणून तेलपाणी करावे लागते. गोदामातल्या कापसाच्या गाठी सांभाळाव्या लागतात. टाइम ऑफिसात मस्टर रोज भरावे लागते, मग त्यात ओळीने गैरहजेरीच का असेना. शिवाय पत्रे होती. ‘अमुक तारखेपर्यंत हजर व्हा, नाहीतर नाव कमी केले जाईल,’ अशी रजिस्टर पत्रे आम्ही गठ्ठ्यांनी पाठवली. पत्रावर सही मॅनेजरची असे, पण पाकिटावरचा पत्ता माझ्या हातचा. ज्यांना ती जात त्यांतले पुष्कळजण मला ‘भाऊ’ म्हणून हाक मारणारे होते.

या कामात एक बारीकशी गोष्ट फार महत्त्वाची ठरे. कामगाराच्या नोंदीत दोन पत्ते असत, एक मुंबईच्या खोलीचा, दुसरा गावचा. संप लांबला तसे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे कामगार गावी निघून गेले. पत्र नुसते खोलीवर गेले तर ते परत येणार आणि माणसाला कळणारही नाही की त्याची नोकरी जाते आहे. म्हणून आम्ही दोन्ही पत्त्यांवर पत्रे पाठवायची असे ठरवले. वरिष्ठांना टपालखर्च जास्त वाटला, पण नियमावर बोट ठेवल्यावर ते गप्प बसले.

चाळीत राहणे मात्र कठीण होते. महिन्याला माझ्या घरी पगार येई, शेजारच्या तीन खोल्यांत येत नसे. कुणी शिवी दिली नाही, पण जिन्यावरचे बोलणे मी आलो की थांबे. बायको वाण्याकडे जाण्याची वेळ बदलून जाऊ लागली. संध्याकाळी मात्र तेच शेजारी फंडातून पैसे काढण्याचा अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे येत. मी भरून देई, चहाही होई. संपाविषयी दोघेही बोलत नसू.

एकदा वरून विचारणा झाली की कारकुनांनी खात्यात जाऊन थोडी यंत्रे चालवावीत. आम्ही सहाजणांनी नकार दिला. आमचे म्हणणे साधे होते. मस्टर हे आमचे काम आहे, ते करू. साचा हे दुसऱ्याचे काम आहे आणि तो माणूस दाराबाहेर उभा आहे. माझ्या मते युनियनबाहेरच्या नोकरदाराने एवढी एक रेघ ओळखली तरी पुरे. स्वतःचे काम करणे वेगळे आणि संपकऱ्याच्या जागी उभे राहणे वेगळे.

कायद्यातही या रेघेची खूण सापडते. कायदेशीर संप चालू असताना बाहेरून नवे कामगार भरणे ही मालकाची अनुचित प्रथा मानली जाते. संपात नसलेल्याला दारात अंगाने अडवणे ही युनियनची अनुचित प्रथा होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही या दोन्ही गोष्टी आहेत. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आता सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू आहे, आणि मस्टरवरचे एक्कावन्न टक्के कामगार पाठीशी असलेल्या युनियनला वाटाघाटींचा एकमेव हक्क मिळतो. बेकायदा ठरलेल्या संपाला मात्र नव्या भरतीपासूनचे संरक्षण मिळत नाही. १९८२ च्या संपकऱ्यांची नेमकी हीच अडचण होती.

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो माणसे कामावर परतली नाहीत. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याचे ठरले तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर मस्टरवर असणे ही पात्रतेची अट झाली. २०१२ पासून म्हाडाच्या सोडती निघू लागल्या, तशी जुन्या कामगारांची मुले तिकीट नंबर, हजेरीकार्ड, फंडाची पावती शोधत फिरू लागली. काहीजण माझ्याकडेही आले. कुणाच्या वडिलांचे नाव एका कागदावर ‘पांडुरंग’ आणि दुसऱ्यावर ‘पांडू’ असे असले की सारे अडून बसे.

नवीन पिढीतल्या पुष्कळांना युनियन ठाऊकच नाही. कंत्राटावर काम करणाऱ्यांवर शेजारच्या खात्यात संप झाला तर रोज आत जाण्याची वेळ येते. त्यांना माझे सांगणे एवढेच, की आत जायचे असेल तर जा, पण बाहेरच्या माणसाची नोंद नीट ठेवा, त्याचा पत्ता बरोबर लिहा आणि त्याच्या यंत्राला हात लावू नका. संप आज ना उद्या संपतो. शेजार मात्र पुढे कितीतरी वर्षे चालू राहतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)