चारशे नंबरचं मांजर

मिनामाताचं नाव शाळेच्या पर्यावरणाच्या पुस्तकात येतं आणि चार ओळींत संपतं: जपानमधला उपसागर, कारखान्याचा पारा, विषारी मासे, लुळी पडलेली माणसं. त्या चार ओळींत हाजिमे होसोकावा नसतात. ज्या चिस्सो कंपनीने पारा समुद्रात सोडला, तिच्याच इस्पितळाचे ते प्रमुख डॉक्टर. आजाराची पहिली खबर त्यांनी दिली, कारणही त्यांच्याच हाती लागलं. आणि पुढची जवळजवळ अकरा वर्षं ते त्याबद्दल चारचौघांत बोलले नाहीत.

क्युशू बेटावर, शिरानुई समुद्राकाठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत आधी मांजरं बिघडली. तोंडातून लाळ, गोल गोल गिरक्या, मग धडपडत जाऊन पाण्यात पडणं. लोक म्हणायचे, मांजरं नाचतात. १९५४च्या ऑगस्टमध्ये मोदो नावाच्या वस्तीची लहानशी बातमी वर्तमानपत्रात आली: मांजरं मरून संपली, उंदरांनी उच्छाद मांडलाय, बंदोबस्त करा. माणसांच्या दारात येऊन ठेपलेलं संकट उंदरांची तक्रार म्हणून छापलं गेलं.

एप्रिल १९५६मध्ये पाच वर्षांची एक मुलगी इस्पितळात आली. तिला धड चालता येईना, बोलता येईना. पाठोपाठ धाकटी बहीण. शेजारच्या घरातही असंच असल्याचं आईने सांगितलं. १ मे रोजी होसोकावांनी आरोग्य केंद्राला कळवलं, की मज्जासंस्थेच्या अज्ञात आजाराची साथ आली आहे. ‘साथ’ म्हटल्यावर आजाऱ्यांच्या घरांवर जंतुनाशकं फवारली गेली. शेजारपाजारचे उंबऱ्याला पाय लावेनात.

साथ नव्हतीच. वर्ष संपायच्या आत कुमामोतो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की कुठलासा जड धातू माशांतून पोटात जातो आहे. कोणता, ते सांगणं कठीण होतं. कारखान्याच्या नाल्यात सगळंच होतं. मँगनीज, सेलेनियम, थॅलियम असं एकेकावर बोट ठेवून झालं. विकृतिशास्त्रज्ञ तादाओ ताकेउची यांना धागा सापडला तो इंग्लंडमध्ये. तिथल्या बियाण्यांच्या औषधाच्या कारखान्यातले कामगार मिथाइल पाऱ्याने आजारी पडले होते आणि १९४०मध्ये त्यावर लेख छापला गेला होता. हातापायांना बधिरपणा, तोल जाणं, नळीतून बघावं तशी आकसलेली नजर. मिनामाताच्या रुग्णांशी सगळं जुळत होतं.

थर्मामीटरमधला पारा चुकून गिळला तर बहुतांशी तसाच बाहेर पडतो. त्याच्या वाफेचं भय जास्त. मिथाइल पाऱ्याची गोष्ट वेगळी. तो शरीरात सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो आणि ही जोडी मेथिओनिन या पोषक अमिनो आम्लासारखी दिसते. मेंदूच्या दारावरचा पहारा तिला घरचं माणूस समजून आत घेतो. बाळाला पोसणाऱ्या वारेचंही तेच होतं. समुद्रात गाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, तिथून मोठ्यांत, असा हा पारा वाढत जातो. कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी एक टन गाळात दोन किलोपर्यंत पारा निघाला होता.

जुलै १९५९मध्ये विद्यापीठाने मिथाइल पाऱ्यासारख्या सेंद्रिय पाऱ्याचं नाव जाहीर केलं आणि खडाजंगी सुरू झाली. कंपनी म्हणाली, आम्ही असेंद्रिय पारा वापरतो, सेंद्रिय आणू कुठून? रासायनिक उद्योगांच्या संघटनेतल्या एकाने महायुद्धानंतर समुद्रात टाकलेल्या स्फोटकांवर खापर फोडलं. तोक्योच्या एका प्राध्यापकाने सडक्या माशांतल्या अमाइनवर. या तर्कांना पुराव्याचा आधार नव्हता, पण वेळ काढायला ते पुरले. सरकारने त्याआधीच, १९५७मध्ये, उपसागरातले सगळेच मासे विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही म्हणून विक्रीबंदी नाकारली होती. लोक मासे खात राहिले. कोळ्याच्या घरात दुसरं काय शिजणार?

इकडे इस्पितळात होसोकावा मांजरं पाळत होते. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची वहीत नोंद. २१ जुलै १९५९ रोजी त्यांनी चारशे नंबरच्या मांजराच्या खाण्यावर पारा वापरून ॲसिटाल्डिहाइड बनवणाऱ्या विभागाचं सांडपाणी घालायला सुरुवात केली. मासा नाही, उपसागर नाही, सरळ कारखान्याचं पाणी. ७ ऑक्टोबरला मांजराला झटके आले, लाळ गळू लागली, ते गरगर फिरू लागलं. अठ्ठ्याहत्तर दिवस लागले. वही मिटून टाकता येणार नाही इतकं ते स्पष्ट होतं. पण प्रयोग पुढे चालू ठेवायला कंपनीने मनाई केली आणि वही मिटली.

त्याच डिसेंबरात कंपनीने वाजतगाजत शुद्धीकरण यंत्र बसवलं. ॲसिटाल्डिहाइड विभागाचं पाणी मात्र त्यात जातच नव्हतं. ३० डिसेंबरला रुग्णांच्या घरच्यांनी करारावर सह्या केल्या. मृतामागे ३ लाख येन, आजारी मुलाला वर्षाला ३० हजार. या पैशाला नाव होतं ‘सहानुभूती निधी’. करारात एक कलम असं, की उद्या कारखान्याचं सांडपाणीच कारण ठरलं तरी नवी भरपाई मागायची नाही. खरं कारण आपल्याच इस्पितळाच्या वहीत असताना असं कलम लिहिणारा हात अजाण कसा म्हणावा?

जन्मतःच लुळी असलेली मुलंही होती. त्यांनी मासा तोंडात घातला नव्हता, आया वरवर धडधाकट. वार विष अडवते, असं तेव्हाचं वैद्यक सांगे. मासाझुमी हाराडा या तरुण डॉक्टरला एका आईने सांगितलं, की माझ्या पोटातून ते याच्यात गेलं. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवायची रीत आहे. हाराडांनी त्या डब्या गोळा केल्या. तपासणीत नाळेत मिथाइल पारा निघाला. आई बरोबर होती.

वही बाहेर आली ती अपघाताने. जुन उई हा रसायन अभियंता आधी एका प्लॅस्टिक कारखान्यात होता. तिथे पाऱ्याचं पाणी आपणही सोडलं, हे त्याला डाचत होतं. छायाचित्रकार शिसेई कुवाबारासोबत तो कंपनीच्या इस्पितळात गेला. बोलणारे डॉक्टर मध्येच उठून बाहेर गेले. टेबलावरच्या कागदांत मांजरांच्या नोंदी होत्या, कुवाबाराने त्यांचे फोटो घेतले. निवृत्त होऊन एहिमेला राहणाऱ्या होसोकावांना उईने गाठलं. त्यांनी दुजोरा दिला.

पण अजून बरीच वर्षं जायची होती. १९६५मध्ये निगाताला, दुसऱ्या कंपनीच्या पाण्याने, तोच आजार पुन्हा उपटला. चिस्सोने पारा वापरणारी ॲसिटाल्डिहाइडची प्रक्रिया बंद केली मे १९६८मध्ये. होसोकावांच्या गप्प बसण्याला त्यांची नोकरी, त्यांचा काळ, त्यांची कंपनीनिष्ठा यांचा हवाला देता येतो. ते बोलले असते तर निगाताची माणसं वाचली असती का, हा प्रश्न त्याने हलत नाही.

४ जुलै १९७० रोजी तोक्योच्या इस्पितळात कर्करोगाने खिळलेल्या होसोकावांच्या खाटेशी, रुग्णांच्या घरच्यांनी कंपनीवर लावलेल्या दाव्यात साक्ष घ्यायला, न्यायालयाची माणसं बसली. चारशे नंबरचं मांजर, त्याचे झटके, कंपनीला दिलेली माहिती, थांबवलेले प्रयोग, सगळं त्यांनी सांगितलं. १३ ऑक्टोबरला ते गेले. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या न्यायालयाने १९५९चा करार नीतीला सोडून असल्याचं सांगून रद्द ठरवला. मृतामागे भरपाई ठरली १ कोटी ८० लाख येन.