पकड व हस्तबल
पकड व हस्तबल : बोटे, अंगठा व तळवा यांच्या साहाय्याने वस्तू आवळण्याची व धरून ठेवण्याची शक्ती, तसेच ती वाढविणारे व्यायाम. रुंद पंजा म्हणजे बळकट पकड, हा समज पुरेसा खरा नाही. बोटे वळविणारे मोठे स्नायू कोपर व मनगट यांच्यामधील भागात (अग्रबाहूत) असतात आणि त्यांच्या लांब कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. तळव्यातील लहान स्नायू, विशेषतः अंगठ्याचे, त्यांना पूरक ठरतात. मनगट किंचित मागे वळलेले असता मूठ सर्वांत घट्ट बसते. ते तळव्याकडे पूर्ण वाकविल्यास ती सैलावते. म्हणूनच मनगट मागे खेचणारे स्नायूही बळकट असावे लागतात. नवशिके नेमके त्यांच्याकडेच दुर्लक्ष करतात.

आवळणे, चिमटीत धरणे व भार पेलून राहणे या क्रिया भिन्न असून एकीच्या सरावाने दुसरी पूर्णपणे साधत नाही. तालमीतील जोडी व गदा यांचे वजन मुठीपासून दूर असल्याने त्या फिरविताना मनगटावर मोठा ताण येतो. दोरीच्या मल्लखांबात शरीराचा भार पेलताना हातांची पकड कसास लागते. घरी ओला पंचा पिळणे, भरलेल्या बादल्या घेऊन चालणे, आडव्या दांडीला लोंबकळणे ही साधने पुरेशी आहेत. बोटांभोवती रबरी पट्टा घालून ती उघडण्याचा व्यायाम जोडीला असावा.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, मध्ये विश्रांती देऊन, हा सराव करावा. स्नायूंच्या मानाने कंडरा फार सावकाश बळावतात; त्यामुळे उत्साहाच्या भरात भार झपाट्याने वाढविल्यास इजा होते. कडे चढणाऱ्यांमध्ये मधले बोट व अनामिका यांतील कंडरा हाडालगत धरून ठेवणारे तंतुमय बंध फाटतात, ते बोटांच्या टोकांवर अतिरिक्त भार आल्यामुळेच.

पकड बलमापकाने किलोग्रॅममध्ये मोजतात. १७ देशांतील सु. १ लक्ष ४० हजार व्यक्तींच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पकड ५ किग्रॅ.ने कमी असल्यास मृत्यूचा धोका सु. १६ टक्क्यांनी अधिक आढळला. अर्थात येथे पकड ही एकंदर प्रकृतीची निदर्शक होय. केवळ मूठ आवळून आयुष्य वाढते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. वार्धक्यातील स्नायुक्षय ओळखण्यासाठी यूरोपीय तज्ज्ञगटाने पुरुषांसाठी २७ व स्त्रियांसाठी १६ किग्रॅ. ही किमान मर्यादा सुचविली आहे.