घोडबंदरवर चढाईचे आकडे चुकतायत?

गायमुखचा घाट चढलात, तरी सायकल कॉम्प्युटरवर चढाई शून्य? किंवा उभ्या सायकलची उंची वाढतेय? 🚴

बरीच मॉडेल्स उंची हवेच्या दाबावरून मोजतात. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने उतरला, की उंची साधारण ८ मीटर वाढलेली दिसते. म्हणून पावसाळी हवेत आकडे भरकटतात.

करून बघा:
✅ सेन्सरचं छिद्र घाम, पाणी, धुळीने बुजतं. साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. टाचणी अजिबात नको!
✅ एसीतून काढल्यावर थोडा वेळ बाहेर ठेवा, मग सुरुवातीच्या ठिकाणाची उंची कॅलिब्रेट करा.
✅ राइडनंतर ॲपमध्ये नकाशावरून उंची सुधारता येते. पण मानपाडा, पातलीपाड्याचे उड्डाणपूल त्यात सपाट होऊ शकतात.