मैल्याच्या टाकीतून निघालेलं जेवण

इटलीत नेपल्सजवळ हर्क्युलेनियम नावाचं जुनं शहर आहे. व्हेसुव्हियसच्या इ.स. ७९ मधल्या उद्रेकात ते गाडलं गेलं. तिथल्या 'कार्डो पाच' या रस्त्यालगत एक चाळवजा इमारत आहे: खाली दुकानं आणि बेकऱ्या, वर बिऱ्हाडं. खाली भुयारासारखी ८६ मीटर लांबीची मैल्याची टाकी. वरच्या मजल्यांवरचा मैला नळांतून थेट तिथे पडे. संडास बहुधा स्वयंपाकाच्या जागेलाच लागून असे, त्यामुळे अंड्यांची टरफलं, माशांचे काटे, फुटकी भांडीही त्याच वाटेनं जात.

पुरातत्त्वज्ञांनी या टाकीतून सातशेहून जास्त पोती गाळ उपसला. मला तो राजवाड्यातल्या खजिन्यापेक्षा मोलाचा वाटतो. रोमन मेजवान्यांची वर्णनं श्रीमंतांनी श्रीमंतांसाठी लिहिली; दुकानदार, कारागीर, गुलाम काय खात हे लिहायला कोणी बसलं नव्हतं.

दोन हजार वर्षं बिया टिकल्या कशा? मैल्यात फॉस्फेट भरपूर, हाडांत आणि टरफलांत कॅल्शियम. ओलीत ही द्रव्यं बीमध्ये मुरतात आणि कुजणाऱ्या पेशींची जागा खनिज घेतं. बीचा दगड होतो, पण आकार हुबेहूब राहतो. म्हणूनच सूक्ष्मदर्शकाखाली अंजीर, द्राक्ष, खसखस, धणे, बडीशेप ओळखू येतात. सोबत ऑलिव्हच्या आठळ्या, शिंपल्या, सी अर्चिनचे काटे आणि कितीतरी जातींच्या माशांची हाडं. साधा रोमन माणूस निव्वळ पाव-पेजेवर जगत होता, हा समज या गाळानं मोडला. अर्थात हे समुद्रकाठचं खाऊनपिऊन सुखी गाव. रोममधल्या दाटीवाटीच्या वस्त्यांना हाच हिशेब लावता येणार नाही.

टाकीत सगळ्यांचं उष्टं एकत्र झालेलं. कोणाच्या ताटात काय पडत होतं, ते मात्र हाडांनी सांगितलं. उद्रेकाच्या रात्री शेकडो माणसं किनाऱ्यावरच्या कमानींखाली आसऱ्याला आली आणि तिथेच दगावली. त्यांतल्या १७ प्रौढांच्या हाडांमधली अमिनो आम्लं वेगळी काढून त्यांतली कार्बन आणि नायट्रोजनची समस्थानिकं मोजली गेली. समुद्री अन्नाची खूण या मापांत स्पष्ट उमटते. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पुरुषांच्या प्रथिनांत मासळीचा वाटा बायकांपेक्षा सरासरी दीडपटीहून जास्त होता. धान्यही पुरुषांकडे अधिक. बायकांच्या वाट्याला मांस, अंडी, दूधदुभतं आणि गावाजवळ पिकलेली फळं-भाज्या जास्त येत.