ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर प्रोसेसर का तापतो?

संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर कधी कधी प्रोसेसरच तापू लागतो. दोष लगेच कार्डाला दिला जातो, पण बहुधा कार्ड निर्दोष असते. आधी पाहावे ते तापमान केव्हा वाढते.

काहीही काम चालू नसताना पारा ७०-८० अंशांवर असेल, तर टास्क मॅनेजर उघडावा. ड्रायव्हरबरोबर आलेला एखादा प्रोग्राम प्रोसेसरला गुपचूप राबवत असू शकतो. तसे नसेल, तर कॅबिनेट उघडावे. कार्ड स्लॉटमध्ये दाबताना मदरबोर्ड किंचित वाकतो आणि इंटेलच्या सोबत मिळणाऱ्या कूलरची चारपैकी एखादी प्लॅस्टिकची खुंटी निसटू शकते. कूलर तिरका झाला की उष्णता वाहून नेणारा स्पर्शच तुटतो. तो पुन्हा बसवताना जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. कार्डाची वीजतार पंख्याच्या पात्यांत अडकली आहे का, हेही तेव्हाच पाहावे.

फक्त गेम खेळताना पारा चढत असेल, तर कारण बहुधा हवेत असते. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत आणि आठ पिनांच्या प्रत्येक जोडणीतून १५० वॅटपर्यंत वीज मिळू शकते. या विजेची शेवटी उष्णताच होते. उघड्या पंख्यांची कार्डे ती कॅबिनेटमध्येच सोडतात आणि प्रोसेसरचा कूलर तीच गरम हवा ओढतो. परीक्षा सोपी आहे: बाजूचे झाकण काढून तोच गेम चालवावा. तापमान झपकन उतरले, तर पुढून हवा घेणारा आणि मागून बाहेर टाकणारा पंखा हवा. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच तापलेली असते, तेव्हा ही गरज अधिकच जाणवते.

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. जुने कार्ड धिमे असताना प्रोसेसर त्याची वाट पाहत थांबे. नवे कार्ड सेकंदाला दुप्पट चित्रे काढू लागले, की प्रोसेसरलाही तेवढेच राबावे लागते. हा बिघाड नव्हे. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा घातली की पारा उतरतो.

भाराखाली चढलेला पारा नेहमीच बिघाडाची खूण नसतो: रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत चालतील असेच घडवलेले आहेत. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते. ती गाठताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. कार्ड काढूनही, काम नसताना पारा तितकाच चढा राहिला, तर कूलर किंवा त्याचा पंखा बदलावा.