अमायलेज नॉर्मल आलं, म्हणजे सुटलो?

रात्री जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात कळ सुरू होते, थेट पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर आधी ओवा-हिंग, मग पित्ताची गोळी, मग जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन. रक्त तपासायला महाडला उतरेपर्यंत चौथा दिवस उजाडलेला असतो. अमायलेज नॉर्मल येतं आणि घरचे हुश्श करतात. स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेत सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच.

अमायलेज आणि लायपेज ही स्वादुपिंडाची एन्झाइम्स. अमायलेज दुखणं सुरू झाल्यावर काही तासांत चढतं आणि साधारण ३ ते ५ दिवसांत उतरतं. लायपेज ८ ते १४ दिवस वाढलेलं राहू शकतं. म्हणून उशिरा आलेल्या रुग्णाचं लायपेजच बघायला हवं. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स फार वाढून सूज आली असेल, तर पहिल्या दिवशीही अमायलेज नॉर्मल येऊन चकवू शकतं. तेव्हा ट्यूबमध्ये वर सुटलेलं सीरम दुधासारखं पांढरं दिसतं. मशीन लावण्याआधीच टेक्निशियनच्या ते लक्षात येतं. ट्रायग्लिसराइड्सची पातळी डेसिलिटरला १००० मिलिग्रॅमच्या पुढे गेलेली असली, तर कारण बहुधा तेच.

दुसरं टोक म्हणजे आकडा जरा वाढला की धसका घेणं. लॅबची वरची मर्यादा ६० असेल तर ९५ हा आकडा निदानाला पुरत नाही. किमान तिप्पट, म्हणजे १८० तरी हवा. अमायलेज लाळग्रंथींतूनही येतं, त्यामुळे गालगुंडातही वाढतं. किडनी निकामी झाली, आतड्याला पीळ पडला किंवा अल्सर फुटला, तरी वाढतं, आणि शेवटच्या दोन्हींत तातडीने सर्जन लागतो. म्हणून २०१२ च्या सुधारित अटलांटा निकषांत तीन गोष्टी ठेवल्या: ठरावीक प्रकारची पोटदुखी, तिप्पट एन्झाइम, स्कॅनमधली सूज. तीनपैकी दोन जुळल्या की निदान झालं. पहिल्या दोन असतील तर निदानासाठी त्याच रात्री सीटी काढायला मुंबईला धावायची गरज नसते.

आकडा जितका मोठा तितका आजार गंभीर, हेही खरं नाही. २००० वाला आठवड्यात घरी जाईल आणि ४०० वाला आयसीयूत असेल. गांभीर्य कळतं ते श्वास, लघवी, युरिया, क्रिएटिनिन आणि हिमॅटोक्रिटवरून. ४८ तासांनी सीआरपी १५० च्या वर असेल तर सावध. रोज लायपेज काढायला लावणं मला तरी पैसे घालवणंच वाटतं.

‘आमची बाई दारूला शिवत नाही, तिला कसं होईल?’ पित्ताशयातल्या खड्याने होतं, आणि सर्रास होतं. पहिल्या दोन दिवसांत एसजीपीटी १५० च्या वर असेल तर खड्याचा संशय बळावतो. सोनोग्राफीत खडा दिसतो, पण गॅसमुळे स्वादुपिंड अनेकदा झाकलेलं राहतं; ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणून सूज नाही असं होत नाही. अमायलेज-लायपेजच्या तपासणीला उपाशीपोटीही यावं लागत नाही. सकाळची वाट बघण्यात उगाच रात्र जाते.

महाडच्या बाजूला विंचवाचाही विषय निघतोच. त्रिनिदादमधल्या एका विंचवाच्या दंशाने स्वादुपिंडाला सूज येते, हे वैद्यकात नोंदलेलं आहे. पण आपल्याकडचा लाल विंचू मुख्यतः हृदयावर घाव घालतो. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडच्या भागात प्राझोसिन देऊन जे प्राण वाचवले, ते त्या घावातून. तेव्हा दंश झालेल्या माणसाचं लायपेज नंतर. आधी नाडी, बीपी आणि श्वास.